सुट्टे

डेपोत एक कागद आलाय,
'भाडेरचनेबाबत कर्मचाऱ्यांच्या सूचना.'
खाली चार रेघा आखलेल्या.
हेडक्लार्क म्हणाले, मोजकं लिहा, म्हापणकर,
वर बसून कोणी पोथी वाचत नाही.

पहिली रेघ: पंचशीला इंगोले.
नाव मला दोन वर्षांनी कळलं.
त्याआधी ती नुसती 'एक दहा' होती,
शिवाजीनगरहून सव्वासहाची,
हातात नोट चौघडी घातलेली,
घामाने कापडासारखी मऊ झालेली.

जायचं असतं एव्हरार्डनगरला.
उतरते उमरशीबाप्पा चौकात.
दहाचा टप्पा तिथे संपतो,
तिथून पुढे पंधरा.
उरलेला रस्ता ती पायांनी भरते.
एकदा सिग्नलला गाडी इतकी अडकली
की फुटपाथवरून तीच पुढे गेली.
खिडकीतून आमची नजर झाली.
हसायला हवं होतं दोघांनी,
हसलो नाही.

मी विचारलं होतं, पाच रुपयांत आता येतं काय हो?
म्हणाली, पाचात काही नाही येत, मास्तर.
सव्वीस दिवसांच्या एकशेतिसात
पोरीच्या शिकवणीतलं भोक बुजतं.

आणि महिन्याचा पास?
महिन्याचा पास महिन्याला पगार असलेल्यांचा.
माझी दोन घरं आठवड्याला देतात,
तिसरं आठवण केल्यावर.

तीन घरं. एव्हरार्डनगरला भांडी,
तिथून मागे पेस्तमसागरला पोळ्या,
मग देवनारला एका आजोबांची आंघोळ,
ज्यांचा डावा हात तीच उचलते, तीच ठेवते.
मग घर.
दर खेपेला मशीन नव्याने चिरकतं,
दर खेपेला ती नवी प्रवासी,
जणू सकाळी आमची ओळखच नव्हती.

मानखुर्दहून थेट दादरला जाणारे
एकदा बसतात, एकदा उतरतात, पेंगतात मध्ये.
तिचाही रस्ता जवळपास तेवढाच,
फक्त कामाने तो जागोजागी तोडलाय.
तुटक्या रस्त्याला भाडं जास्त का,
हे मला मशीनने अजून सांगितलेलं नाही.

दुसरी रेघ लिहू की नको, कळत नाही.
लिहितो.
मे महिन्यात एक दिवस मी टप्पा पुकारला नाही.
चौक आला, मी सुट्टे मोजत बसलो,
मोजलेलेच पुन्हा.
ती बसून राहिली. पुढच्याच स्टॉपला
तपासनीस चढले.
माझी नोकरी तिच्या हातातल्या दहाच्या चिठ्ठीवर.
ती उठली, म्हणाली, डोळा लागला साहेब,
कंडक्टरने हाक मारली होती, माझंच ध्यान नव्हतं.
मग पदराची गाठ सोडून दंड मोजला,
नाणी धरून, चिल्लर धरून.
पावती तिकिटापेक्षा लांब आली.

संध्याकाळी मी पैसे पुढे केले.
तिने माझ्याकडे पाहिलं,
एखाद्याने खोटी नोट द्यावी तसं.
म्हणाली, मास्तर, तिकीट स्वस्त करता येत असेल तर करा.
मला फुकट नेऊ नका.

तिसरी रेघ, ही सूचना.
तिकिटावर अंतर छापू नका, वेळ छापा.
दहा रुपयांत सकाळचे दोन तास द्या,
त्यात माणूस चढेल, उतरेल,
भांडी घासून पुन्हा चढेल, मागे फिरेल,
मशीनने त्याला ओळखावं.
आणि दिवसभरात तीन वेळा पैसे दिले
की चौथ्याला आपण हात आखडावा,
तिने नव्हे.
पास आठवड्याचाही असू दे,
जो आठवडा हातात आला त्याचा.

तोटा होईल म्हणतील. होईल.
बावीस वर्षं तोटा मी बॅगेत वागवतोय,
वजन मला माहीत आहे.
पण जे चौकात उतरून चालत गेले
ते कुठल्या वहीत धरले आहेत?

चौथी रेघ मोकळी ठेवली आहे.
ती चढली की विचारतो.

जागा पुरली नाही म्हणून हे सगळं
तिकिटाच्या रोलच्या पाठीवर लिहिलंय,
टाचणी लावून कागदाला जोडलंय.
लांब झालंय, माफी.
फायलीत बसवताना
मध्येच फाडू नका.