भाग दोनसाठी मागण्या

काउनासहून, रात्री पावणेदोन वाजता.
मी झिद्रूनास. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो,
रात्री तुमचा खेळ.

अकरा वर्षं झाली. पहिल्या भागात
तुमच्या घोड्यांना थंडी वाजत नव्हती, ती मी वाजवली.
तुमची फौज बर्फातून महिनाभर उपाशी चालायची
आणि वर जिंकायचीही; तिला मी भूक लावली.
त्यासाठी काय काय उसवावं लागलं, विचारू नका.
नदी एका फायलीत, तिचा निळा रंग दुसऱ्या,
आणि पाणी कुठेच नाही,
नुसती एक ओळ: ओलांडता येत नाही.

तर आता दुसरा भाग काढताय म्हणून लिहितो.

नकाशा आखायचं हत्यार तुम्ही वापरता तेच द्या,
भातुकलीतलं नको.
चूक मागे घ्यायला निदान शंभर पावलं हवीत.
प्रांतांची संख्या दोनशे पंचावन्नवर का अडते
मला ठाऊक आहे. तरी काढा ते.
आमची शेपटीवाली अक्षरं तुमच्याकडे चौकोन होतात.
शेपटी गेली की आमच्या भाषेत
कुणी कुणाला मारलं तेच कळत नाही,
आणि लढाईच्या खेळात
एवढं तरी कळायला हवं.

हरलेल्या तुकडीला पळू द्या.
पळालेला एखादा, चार चालींनंतर,
दूरच्या गावात दारं रंधताना दिसला तर
मी त्याच्यावर क्लिक करणार नाही, शपथ.

आता मुख्य मागणी. पाणी.
पाण्याला चढता येऊ द्या,
चालीगणिक वीतभर.
तळ्याच्या मधोमध गाव ठेवायला गेलो
की लाल चौकट येते:
इथे वस्ती असू शकत नाही.
होती हो.

लाउमेनाय. एकोणचाळीस घरं, एक लोहार,
एक पाणगिरणी, जिला पाणी कमी पडायचं.
नेमुनासवर धरण बांधलं तेव्हा आई अकराची.
घरांचे ओंडके खडूने आकडे घालून उतरवले,
गाड्यांवर लादले, वर टेकडीवर पुन्हा रचले.
मामाच्या घराचा सतरावा ओंडका उलटा बसला,
तो अजून तसाच आहे.
विहिरी काही नेता आल्या नाहीत.
आता तिथे शिडाच्या होड्या फिरतात.
रविवारी आई काठावर जाऊन बसते.
जन्मात कुणाला पाण्यात पाहिलं नाही तिने,
हे एक गाव सोडून.

तुमचं इंजिन ऐकेना, मग मी चाळीस नकाशे केले,
दर चालीला मागचा काढून पुढचा सरकवायचा.
लबाडीच, पण दिसतं छान.
परवा आईला समोर बसवलं.
हातात बिटाच्या थंड सूपाचा वाडगा, ओठावर गुलाबी मिशी.
म्हटलं, बघ, आधी लोहाराकडे पोचतं.
म्हणाली, लोहार उंचावर होता. आधी आमचं गेलं.
मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं.
ती चाळिसाव्या चालीपर्यंत बघत राहिली.
पाणी सपाट झालं. तिने चमचा चाटला
आणि विचारलं,
"धरण नको म्हणायचं बटण कुठाय?"

अकरा वर्षं.
घोड्यांच्या नालांना गंज चढवला मी,
ढगांची सावली शेतावरून ओढत नेली,
आणि हे माझ्या यादीत नव्हतं.
मला पाणी हुबेहूब हवं होतं,
तेवढंच.

म्हणून खाली पेन्सिलने वाढवतोय,
कसं जमवाल ते तुम्ही बघा:
गावाला हात वर करता यावा.
मोजू नका हवं तर. तेव्हाही कुणी मोजले नव्हते.
पण खेळणाऱ्याला ते हात दिसावेत,
पुढची चाल दाबण्याआधी, क्षणभर,
बटणाच्या अगदी शेजारी.

हे अवघड आहे, कळतं मला.
तोवर शेपटीवाली अक्षरं तरी करा.
ते सोपं आहे.