उरलेली दोरी

आजोबांच्या तोंडात आता दोनच दात,
आणि तेही एकमेकांना भेटत नाहीत.
म्हणून दोरी माझ्या दातांत देतात.
"धुऊ नकोस," म्हणतात, "मीठ असू दे."

फळी तळहाताएवढी, सागाची,
मधोमध भोक, भोकातून ओवलेली दोरी,
दोरीला गाठी.
गाठ दातांत धरायची, फळी पुढे लोटायची
दोरी ताठ होईतो,
खालची कड समुद्राच्या रेघेवर ठेवायची.
वरच्या कडेवर ध्रुव येऊन टेकला
की समजायचं, बंदराच्या ओळीत आलो.
मग फक्त वळायचं,
आणि आपल्याच दारात शिरावं तसं जायचं.

फळीला लगटून बसरा, मग सूर, आमचं गाव,
मग मुकल्ला, सोकोत्रा,
आणि हात पुरा लांबवला की कालिकत.

पण चाळीस वर्षं ताणून ताणून दोरी वाढली
आणि तिच्याबरोबर बंदरं दक्षिणेला निसटली.
नाखवा खमीस बिन मरहून यांच्या हिशेबाने
बसरा आज भर वाळवंटात आहे.
ताऱ्याची उंची बोटांत मोजतात;
अर्धं बोट चुकलं की बोट चुकते.

नवी दोरी मी वळली. सुती, तीन पदरी.
मुशीच्या तेलात भिजवून खाडीकाठी वाळत घातली,
जिथे आता कुणी गलबतं बांधत नाही,
नुसत्या फासळ्या उभ्या, त्यांच्या सावलीत बकऱ्या.
आजोबा छतावर बसून गाठी सांगत गेले,
मी मारत गेले.
"सूरची निरगाठ मार, रय्या.
सुरगाठ नको. या गावाला सुटायची खोड आहे."

कालिकतनंतर वीतभर दोरी उरली.
मी कात्री उचलली.
"राहू दे."

जुन्या दोरीलाही होतं असं शेपूट,
बिनगाठीचं, चघळून चघळून काळं,
त्याला लवंगेचा वास.
"दाढदुखीला," म्हणाले,
दोन दातांचा माणूस.

मग बऱ्याच वेळाने,
"कालिकतच्या खाली हात पुरत नाही.
आणखी खाली तर ध्रुवच पाण्यात बुडतो.
पेंबाला त्याला कुणी पाहिलेलंच नाही.
गाठ मारायची कशाच्या भरवशावर?"
खाली स्वयंपाकघरात आजीने पातेलं
जरा जोरातच ठेवलं.

वारं फिरलं की दरसाल पेंबाहून एक पोतडी येई.
पत्र नसे, लवंगा असत.
एकदा तळाशी फोटो होता:
माझ्या बापाचं कपाळ
दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांवर.
पोतडी नेहमी आजीनेच सोडली.
लवंगा तिने भातात घातल्या.
फोटो कुठे गेला, विचारलं नाही.
त्या माणसाची नि माझी
अजून गाठ पडलेली नाही.

कात्री मी खाली ठेवली.

रात्री छतावर उभी राहून
मी सूर दातांत धरलं.
खाली समुद्राची काळी रेघ, वर ध्रुव,
कडेला कड. आजोबांनी हुंकार दिला.
मुकल्ला, सोकोत्रा, कालिकत हनुवटीखाली लोंबत होते,
आणि सगळ्यांत शेवटी ती वीतभर,
उत्तरेच्या वाऱ्यात
माझ्या खांद्यावरून मागे उडत.