कानाडोळा

वाल्पाराइसोच्या टेकडीवर राहणाऱ्याला पायऱ्या मोजाव्याच लागतात.
रोसाल्बा कायुपानच्या दारापासून आमच्या फाटकापर्यंत
एकशे अडुसष्ट,
त्यातली एक तुटकी, तिसऱ्या वळणावर,
जिथे पावाची भट्टी उजव्या गालाला ऊब देते.
पहिल्याच आठवड्यात तिने मला हे सांगितलं,
वर म्हणाली, प्रोग्रामही असाच असतो, प्रोफे,
चार जागा आत, आठ जागा आत, परत चार,
कुठल्या पायरीवर आहोत ते विसरलं की संपलं.

मी हसलो होतो.
वाटलं, बिचारी स्वतःची समजूत घालतेय.
तिच्या कानातली यंत्राची बाई इतकी भरभर बोलायची
की मला नुसते पत्र्यावर सांडलेले वाटाणे ऐकू यायचे.
तिला त्यात कंस दिसायचे,
उघडून मिटायचे राहिलेलेसुद्धा.

परीक्षेची साइट मी बांधली.
डोळ्यांत तेल घालून बांधली.
निळा किती निळा हवा, यात तीन दिवस गेले.
'पाठवा' लिहायच्या जागी कागदी होडीचं चित्र ठेवलं,
बंदराचं गाव, मुलांना आवडेल म्हणून.
आवडलंही.
होडीच्या पोटात मात्र मी एक शब्द ठेवला नव्हता.

नोव्हेंबरातली सकाळ.
नव्वद मिनिटांचा पेपर तिने एक्कावन्न मिनिटांत सोडवला.
उरलेली एकोणचाळीस मिनिटं
ती होडी शोधत होती.
बटण, म्हणायची कानातली बाई.
बटण. बटण. बटण.
सात बटणं, सात दारं, एकावरही पाटी नाही.
एक दाबलं, पान पुन्हा पहिल्यापासून.
एक दाबलं, मदतीचा व्हिडिओ लागला,
बिनआवाजाचा.
मी तिच्या मागेच उभा होतो, पर्यवेक्षक म्हणून.
तिची बोटं थांबलेली मला दिसली,
मनात म्हटलं, जड गेला वाटतं पेपर.
वेळ संपली.
साइटने अतिशय नम्र शब्दांत तिला शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी आली. रडली नाही, भांडली नाही.
म्हणाली, स्क्रीन बंद करा.
केली.
आता हे कानात घाला.
आता तुमच्याच घरातून बाहेर पडून दाखवा.

वाटाणे सांडले.
तिने वेग कमी केला, आणखी कमी केला,
लेकराला घास भरवावा इतका.
बटण, म्हणाली बाई.
बटण.
बोटांना घाम आला. कोणतं मी कुठे ठेवलं होतं?
अकराव्या मिनिटाला माझ्या तोंडून गेलं,
कुणी बांधलंय हे!
ती इतकी हसली
की शेजारच्या खोलीतून सेकुंदिनो डोकावून गेला.

कानाडोळा केला, असं किती सहज म्हणतो आपण.
माझ्या कानाला तर डोळा कधी फुटलाच नव्हता.

होडीत शब्द ठेवायला चार सेकंद लागले.
फेरपरीक्षा मिळवायला सात आठवडे.
एका मुलीसाठी एवढं? असं बैठकीत कुणीतरी विचारलं,
तेव्हा कचेरीतल्या एर्मेलिंदाबाई,
ज्यांचा हात थरथरतो आणि ते त्या कुणाला सांगत नाहीत,
चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या,
दोघींसाठी.

आता स्क्रीन बंद करून ऐकल्याशिवाय
आमचं एकही पान बाहेर जात नाही.
ऐकते रोसाल्बा.
पगारावर. फुकट ऐकणार नाही, यावर ती अडून बसली,
आणि बरोबर केलं तिने.

काल संध्याकाळी तिच्यासोबत पायऱ्या चढलो, डोळे मिटून.
गालाला ऊब लागली, तिथे मी खुळ्यासारखा खूश झालो,
आणि तुटकी पायरी विसरलो.
गुडघा अजून दुखतोय.

घरी येऊन नगरपालिकेकडे तक्रार लिहायला बसलो,
मुद्दाम, स्क्रीन बंद ठेवून.
बटण, म्हणाली बाई.