तेहतीस अंश

डुलूथ, जानेवारी. बाहेर उणे एकवीस,
सुपीरियर सरोवर नजर पोचेल तिथवर गोठलेलं,
आणि आत, सहाव्या मजल्यावर,
माझ्या नवऱ्याला गार करताहेत.

छातीला, मांड्यांना चिकटवलेले पॅड,
त्यांतून फिरणारं पाणी, पलंगाशी गुरगुरणारं यंत्र.
कुठे चिरलं नाही, फाडलं नाही.
पडद्यावर ३४.१. थांबायचं तेहतीसवर.
"मेंदूला जरा विसावा," नर्स म्हणाली,
"हृदय अकरा मिनिटं बंद होतं ना."

अकरा मिनिटं.
बर्फाचं फावडं अजून तिथंच उभं असेल, ड्राइव्हवेत.

सासूबाई संगमनेरहून विचारतात, कसा आहे?
गार ठेवलाय, असं कसं सांगू?
आपल्यात माणूस गार पडला म्हणजे
उरतं काय?
झोपलाय, म्हटलं.

शाल आणली होती. पांघरायला गेले
तर नर्सनं, आयली कोस्केलानं,
हलकेच मनगट धरलं माझं.
एकतीस वर्षं थर्मोस्टॅटवरून भांडलो आम्ही:
तो बासष्टवर आणायचा,
मी गुपचूप सत्तरवर.
घे. जिंकलास.

पहाटे तीनला जबडा थरथरला त्याचा,
मग खांदे. कुडकुडला!
हा माणूस, जो डिसेंबरात बनियनवर
कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून येतो.
आयली औषध सोडू लागली नळीत.
"अंग ऊब करायला बघतंय, थांबवायला हवं."
म्हणजे भांडतंय, मी म्हटलं,
भांडू दे की थोडं.
ती हसली नाही.
तिच्या आजोबांच्या गावी, म्हणे,
सरोवरातून काढलेल्या माणसाला
ऊब येईस्तोवर कुणी मेलेला म्हणत नसे.
एवढंच बोलली,
लघवीची पिशवी मोजता मोजता.

उद्या दुपारपासून वर आणतील,
तासाला पाव अंश.
ते कळतं मला. इथल्या थंडीत
खोबरेल तेलाचा बाटलीतच दगड होतो.
गॅसवर धरलं की काच तडकते.
कोमट पाण्यात ठेवायची बाटली
आणि दुसरं काहीतरी करत राहायचं.

दुसरं काय करू?

पावलं तेवढी उघडी आहेत.
हात लावून बघते.
गार.
लावलेलाच ठेवते.