पाटाची वही

वकिलाने विचारलं, पुरावा काय
की हा पाट तोच आहे?
सांता फेच्या कोर्टात एसी घुमत होता,
ओनोफ्रे माएस्तास हॅट मांडीवर धरून बसलेला,
आणि मी, यंदाची चिटणीस, वही उघडून.

खरं तर काहीच तेच नाही.
मूळ बांध एकेचाळीसच्या पुरात गेला.
पाटाने चर्चच्या मागून वळण घेतलं, मग चर्चच हलवलं.
जुनिपरच्या फळ्यांची दारं गेली, लोखंडी आली.
वहीतली आडनावं
अर्धी अल्बुकर्कीत, बाकीची टेकडीवर, क्रॉसांखाली.
नियमसुद्धा. पूर्वी बाईला फावडं धरू देत नसत,
पाणीपट्टी मात्र घेत.

तोच काय, तर मार्चचा दुसरा शनिवार.
पाटकरी काठीने मोजतो, काठावर रेघ मारतो,
एवढं तुझं, इथून पुढे तुझं.
कोणी वाद घालतं. घालतंच.
कोणी पोराला पाठवतं अन् स्वतः झोपतं,
त्याचं नाव वहीत लाल शाईने.
गाळ वर येतो, बाटल्या, वाळुंजाची मुळं,
एकदा तर देल्फिनाच्या नवऱ्याची कवळी.
संध्याकाळी पाठी मोडलेल्या असतात
आणि त्या मोडलेल्या पाठींचं मिळून
एक गाव झालेलं असतं
जे सकाळी नव्हतं.

लोर्ना ओहायोहून आली, त्याला दोन वर्षं झाली.
म्हणाली, तुमच्या पाटाशेजारचं घर मी घेतलंय.
तुमच्या.
पहिल्या साली पैसे देऊन माणूस लावला.
यंदा स्वतः उतरली, हातमोजे पांढरेशुभ्र.
जूनमध्ये कोणी पाळी मोडून रात्री दार उचललं,
तर हीच टॉर्च घेऊन धावली, झोपेच्या कपड्यांत, ओरडत,
आपलं पाणी आहे ते!
चोर निघाला ओनोफ्रेचाच पुतण्या, सहाव्या पिढीतला.
तो हिलाच म्हणाला, तू कोण?

वकिलालाही तेच हवं होतं, तुम्ही कोण.
मला नीट बोलता आलं नाही. वही पुढे सरकवली.
न्यायाधीशबाईंनी चष्मा लावून पानं उलटली,
तीन हस्ताक्षरं, मग चौथं, मग माझं वाकडं,
कुठे कॉफीचा डाग, कुठे लाल शाई.
शेवटचं पान कोरं कसं, त्यांनी विचारलं.
म्हटलं, कोरं नाही, आखलेलं आहे.
पुढच्या मार्चसाठी.

निकाल लांबला.
बाहेर ऊन पांढरं, पार्किंगची पावती सापडेना.
ओनोफ्रेने हॅट डोक्यावर बसवली,
चल लवकर, म्हणाला,
आज दारं धरायची पाळी माझी आहे.