डावं, एक

फारगो पिकअप उद्यमनगरात आली ती दोरानं ओढत.
पुढं ट्रॅक्टर, मागं शाळा चुकवलेली पोरं.
दातांचे डॉक्टर इंगवले, नुकतेच जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेले,
म्हणाले, शिकलगारमामा, किल्ली काही मिळाली नाही,
दोन्ही दारांना कुलपं बसवून द्या.

अब्बांनी उजव्या दारावरून अंगठा फिरवला.
गंज, गंजाखाली निळा, निळ्याखाली हिरवा.
"हितं भोकच न्हाई डॉक्टर. कवाच नव्हतं."

मग मला बोलावलं, हिशेबाची वही मिटवून, आणि दाखवलं:
उजव्या दाराची मूठ आतून वर ढकलायची,
खट्ट झालं की दार बंद.
मग स्टिअरिंगखालून निघायचं,
गिअरच्या दांडीवरून पाय टाकायचा,
बूड घासत घासत डावीकडं यायचं,
फुटपाथवर उतरायचं
आणि तिथं, फक्त तिथं, किल्ली.

कुठल्या तरी मुलखातल्या कारागिराला वाटलं असेल
ड्रायव्हरनं वाहत्या रस्त्यावर पाय ठेवू नये.
आमच्या गल्लीला फुटपाथ नाही,
पण काळजी पोचली.

कुलूप टोकरलं तर सुईला लागून आला
काळा खडा, त्यात तीन मुंग्या, पाय आखडलेल्या.
गूळ.
मार्केट यार्डात रवे उतरवून चिकट हातांनी
कुणीतरी वर्षानुवर्षं हे दार लावलं होतं.
गरम पाणी, मग रॉकेल, मग एक रात्र.

कोरी किल्ली अब्बा चिमणीवर धरतात,
काजळीनं काळी करतात,
आत घालून जरा पिळतात, बाहेर काढतात.
जिथं पितळ चमकलं तिथं कानस, दोन हात, जास्त नाही.
पुन्हा काजळी. पुन्हा आत.
कुलपाला विचारत विचारत जायचं, म्हणतात,
आपण सांगायला गेलो की ते मुकं होतं.

तिसऱ्या दिवशी जावयाच्या मोटारसायकलवर मागं बसून
वडणग्याहून आण्णू मगदूम आले.
पटका सोडून खांद्यावर टाकला,
गाडीकडं बघितलं नाही, आधी पाणी मागितलं.
मग सदरा वर करून करगोट्याची गाठ सोडायला लागले.
नखं राहिली नव्हती, मी सोडली.
किल्ली अंगाइतकी गरम.

"मालकानं गाडी इकली तवा ही मागितलीच न्हाई कुणी.
मी बी म्हटलं, मागितली तर दिऊ."

अब्बांनी कुलूप परत दारात बसवलं.
म्हाताऱ्यानं किल्ली लावली. फिरली.
डावीकडनं चढले, घसरत उजवीकडं गेले,
स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून
समोरच्या फाउंड्रीच्या भिंतीकडं बराच वेळ बघत बसले.
मग मूठ वर. खट्ट.
दांडीवरून पाय टाकताना गुडघा अडकला,
हातानं उचलून घेतला त्यांनी, दुसऱ्याचा असल्यासारखा.
उतरले. लावलं. ओढून बघितलं.

अब्बांनी दोन्ही किल्ल्या तळहातावर शेजारी ठेवल्या.
त्यांची आणि ह्यांची. दात दाताला जुळत होते,
झिजेसकट.
कंपनीतून निघाली तेव्हाची धारदार किल्ली
आज आणून लावली असती
तर ह्या कुलपानं ओळखली नसती.

म्हाताऱ्याची त्याला परत दिली.
कुणीच काही विचारलं नाही, मीही नाही.
गाठ मात्र त्यांनी स्वतः मारली.

डॉक्टर संध्याकाळी आले, नवी किल्ली वाजवून बघितली,
आणि उजवीकडचं काय, म्हणाले, ड्रिल मारा की.
अब्बा हात पुसत राहिले.
मग मला बिल लिहायला सांगितलं,
शब्द तोंडी घालून:

कुलूप, डावं, एक.
उजवं आतनं लावणे.
मजुरी नाही.