धाकू, सँड

परड्यात खड्डा खणायला घेतला तेव्हा
भिवा मेस्त्री गडग्यावरून म्हणाला, टाकी काय संडासाची?
म्हटलं, नाही. विहीर? नाही.
मग तो गप्प झाला, आणि खड्ड्याची लांबी
डोळ्यांनीच माझ्या उंचीशी ताडून पाहू लागला.

बारा फूट लांब, सात रुंद,
कडेची रेघ भाताच्या तुसाने आखलेली,
काजूच्या बीसारखी एका अंगाने आत वळलेली.
हातभर माती गेली, मग लागला जांभा.
सकाळी काढाल तेवढा जांभा तुमचा,
ऊन लागलं की तो हट्टाला पेटतो.

शेजारची हिरवळ आधीची, दोन वर्षं राखलेली.
दुसरं काही नाही, आपल्या दूर्वाच.
कापून कापून चटईसारख्या केल्या,
मधे करवंटी पुरली, तिला जुन्या परकराचा झेंडा.
चतुर्थीला वाडीतल्या बायका जुड्या न्यायला येतात
आणि इतक्या आखूड दूर्वा पाहून
मला नाही, हिला नावं ठेवतात.

वाळू.
ही म्हणाली, पालशेतची सगळी पुळण समोर पसरलीये
आणि तुम्ही अर्धा ब्रास विकत आणता?
कसं सांगू. समुद्राची वाळू मिठाची, दूर्वा जाळते,
शिंपल्यांनी चेंडूला ओरखडे येतात.
शिवाय पुळणीवर मला कधी कोणी हाक मारली नाही.

तीस वर्षं चेंबूरला. खांद्यावर दुसऱ्याची पिशवी.
साहेब बंकरात उतरायचे, दोनदा, चारदा मारायचे,
शिव्या द्यायचे वाळूला, वाऱ्याला, कधी मला,
आणि वर चढून पाठ फिरवत म्हणायचे, धाकू, सँड.
एवढंच. मग मी दंताळं घेऊन
त्यांच्या बुटांचे ठसे पुसत उलटा उलटा बाहेर यायचो,
माझे स्वतःचे सगळ्यात शेवटी.
आम्हाला फक्त सोमवारी खेळायला मिळायचं.
सोमवार सगळे जोडले तर चार वर्षं भरतात, वर थोडे महिने.

तळाला भोकं पाडलेला पाइप टाकला, वर खडी,
उतार माडाच्या आळ्याकडे.
बंकर तुंबण्याआधी माड पिईल.
सभामंडपाची उरलेली वाळू भिवाच्याच ओळखीने मिळाली,
दोनदा चाळली, एकदा धुतली, घमेल्या-घमेल्याने ओतली.
बांबूचं दंताळं फिरवलं.
आणि मग उतरवेना.

भरूचासाहेबांनी, नजर गेली त्या वर्षी,
बक्षिशीऐवजी दिलेली सँड वेज मांडीवर घेऊन
मी काठावर बसून राहिलो,
आतून कोणी साहेब बाहेर यायचे असल्यासारखा.

ही आली विहिरीवरून, कळशी कमरेवर,
सरळ मधून चालत गेली.
अनवाणी सहा पावलं, डावं जरा तिरकं,
गुडघा दुखतो त्या बाजूचं.
म्हणाली, बरी आहे. आठळ्या पुरायला होईल.

मग उतरलो.
पहिला चेंडू जागचा हलला नाही.
दुसरा काठाला आपटून पायाशी.
सातवा वर गेला, अंगावरची वाळू झटकत,
दूर्वांवर पडला, थोडा विचार करून थांबला.
वर चढलो, पाठ फिरवली, वाट पाहिली.
कोणी नव्हतं.
तेव्हा मीच हळू म्हटलं, धाकू, सँड,
आणि दंताळं घेऊन आलो.
हिची पावलं सोडून बाकीचं सपाट केलं.

आता श्रावण. कोपऱ्यात खरंच आठळ्या आहेत.
काल वेज जरा खोल गेली,
दोन गोष्टी उडाल्या, एक पांढरी, एक तपकिरी.
चेंडू गडग्यापलीकडे, भिवाच्या मंगलोरी कौलांवर.
आठळी करवंटीपासून दोन बोटांवर.
आतून भिवा ओरडत होता.
मी वाकून, नीट पटरने
ती आत ढकलली,
आणि तो फटका मोजला.